परसातली रुई

॥ श्री ॥

कडेगाव,
दि. २ सप्टेंबर १९७३

चि. सौ. विजयमाला हीस आबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि. हितं समदं ठीक हाय. तुझी आन् जावईबापू लालासाहेबांची खुशाली कळवत जा.

तुझं पत्र पोचलं. त्यात पुन्यांदा तेच रडगाणं, की आबा आता एकटं ऱ्हाऊ नका, सांगलीला आमच्याकडं या. येत न्हाई! चैतात सांगितलं, आखाडात सांगितलं, आता भादव्यात सांगतोय. फौजेत एकच गोष्ट तीनदा सांगायला लागली तर समोरच्याला ग्राउंडला चकरा मारायला लावत. मास्तरीण झालीस म्हणून सुटलीस.

आन् येऊ तरी कसा? हे फुलपाखरांचं खूळ माझ्या मागं लावलं कुणी? माघात तुझी आई गेली, तवा म्या भितीकडं तोंड करून पडून असायचो. तूच वर्गातल्या पोरींची कोरी वही हातात दिलीस, म्हणालीस परसात काय काय उडतंय ते बघून लिवा आन् मला कळवा, वर्गात वाचून दाखवते. आता ड्यूटी लावलीस आन् वर म्हणतीस ड्यूटी सोडून या. असं चालत न्हाई.

तर ह्या हप्त्याचा रिपोर्ट. गेल्या दुष्काळात परसात चिटपाखरू फिरकलं न्हवतं. औंदा पाऊस झाला आन् तेरड्यावर नुसती झुंबड हाय. लहान पिवळ्या लय. त्यास्नी म्या हळदुल्या म्हणतो, जिमिनीपासनं वर जातच न्हाईत. कडीपत्त्यावर हिरव्या अळ्या हायत. बोट लावलं की डोस्क्यातनं तांबडी शिंगं काढत्यात आन् घाण वास सोडत्यात. लिंबावर मोठं काळं पाखरू येतं, पर ते ऊन तापल्याबिगर न्हाई.

आन् रुईवर माझा फेटेवाला. केशरी रंग, कडंला काळी किनार, त्यावर पांढरं ठिपकं. उडताना गडबड न्हाई, जमादार परेडीला निघाल्यावानी निवांत. त्याची मादी पानाखाली एकेक अंडं घालून जाती. आता अळ्या झाल्यात, पट्ट्यापट्ट्याच्या, रातंदिस खात्यात. दसऱ्याच्या आगंमागं कोष हुतील आन् दिवाळीला परस भरून जाईल बघ. म्हणून शेजारच्या अंबूबाईला ताकीद दिलीय, शेरडू परसात सोडायचं न्हाई आन् रुईला कुणी हात लावायचा न्हाई. तुला बी सांगून ठिवतो.

आपरेशन झालेला डोळा बरा हाय. साताऱ्याला दाखवायला जायचंय, तवा पलटणीतल्या हरिबाकडं चार दिवस ऱ्हाईन म्हणतो.

माया हाय तशी असू दे.

तुझा बाप,
नायब सुभेदार नाथाजी मोहिते (रिटायर)

*

॥ श्री ॥

गावभाग, सांगली,
दि. ११ सप्टेंबर १९७३

तीर्थरूप आबांस विजयमालाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाखरांचं वाचलं, छान आहे. मुलींना आवडतं. सध्या चाचणी परीक्षेचे पेपर डोक्यावर आहेत, त्यामुळे चार ओळीच लिहिते.

अंबूबाईची सून परवा इथं दवाखान्यात आली होती. ती सांगत होती की तुम्ही दिवसदिवस परसात रुईच्या झुडपात डोकं घालून बसता, जेवायला हाका माराव्या लागतात. आबा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत! रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? भाकरी अंबूबाई करून देते म्हणून पोटात जाते, नाहीतर तेही नाही. म्हणूनच मी सांगलीला या म्हणते. मला काय हौस आहे?

तुम्ही साताऱ्याला खुशाल जा. मी शनिवार-रविवार धरून रजा काढते आणि कडेगावला येऊन दसरा काढून जाते. आईच्या मागं हा पहिलाच दसरा. घट बसायच्या आत वाकळा ओढ्यावर नेऊन धुवायच्या, भिंती सारवायच्या, सगळं आवरायचं, हे अंबूबाईच्या एकटीनं होणार आहे का? तुम्ही घरात नसलात तर उलट काम लवकर उरकेल. एकेक गाडगं उचलताना तुमचा हुकूम ऐकावा लागणार नाही.

डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. आमच्यावर कृपादृष्टी ठेवावी.

तुमची,
विजयमाला

*

॥ श्री ॥

कडेगाव,
दि. २५ सप्टेंबर १९७३

विजयमाला हीस आशीर्वाद. लेक हाईस म्हणून देतो, मनातनं येत न्हाईत.

काल साताऱ्यासनं आलो. भिती सारवलेल्या, भांडी घासलेली, वाकळा धुऊन घडी घातलेल्या. जिवाला बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं आईचं वळण उचललंय. मग मागलं दार उघडलं.

परस तळहातावानी साफ! रुई मुळासकट न्हाई. तेरडा न्हाई. कडीपत्त्याचा खुट ऱ्हायलाय. झेंडू तेवढा ठिवलास, तोरणाला लागतो म्हणून. उकिरड्याच्या कडंला राखंचा ढीग हुता. म्या त्यात काठी घालून बघितलं, पोरी. काय बघत हुतो ते माझं मला ठावं. रुईवर धा-बारा कोष लागायच्या बेतात हुते. साताऱ्याला जाताना त्यास्नी सांगून गेलो हुतो, म्या येस्तवर उडू नका.

अंबूबाई म्हणाली की तिनं दोनदा अडवलं, पर तू म्हणालीस आबांना मी बघते. काय बघितलंस गं? कुणाला इचारून केलंस? म्या मागल्या पत्रात खडखडीत लिवलं हुतं, रुईला कुणी हात लावायचा न्हाई. तू म्हणालीस वाचलं, छान आहे. काय छान हाय? तू माझी पत्रं वाचत न्हाईस! वर्गात पोरींना काय वाचून दाखवतीस मग, माझं डोस्कं? म्या हितं म्हातारा माणूस एका डोळ्यानं बघून लिवतोय, आन् तितं तू घडी घालून फडताळात टाकतीस.

ती रुई तुझ्या आईनं लावलेली हुती. म्या न्हाई लावली. तुला ठावं असूनबी तू कुदळ घातलीस.

मला सांगलीला बोलावतीस ते ह्यासाठीच व्हय? तितं नेऊन मला बी असंच झाडून पुसून एका कोपऱ्यात ठिवशील. नगं. तुझी ती सफाई तुझ्या घरात ठेव.

नाथाजी मोहिते

*

॥ श्री ॥

सांगली,
दि. २९ सप्टेंबर १९७३

ती. आबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, दोन दिवस थांब, मग उत्तर लिही. मी एक रात्र थांबले, तेवढं पुष्कळ झालं.

चिकाची भीती होती, हे खरं आहे. डॉक्टरांनी धूळसुद्धा चालणार नाही म्हणून सांगितलंय आणि तुम्ही रुईत बसणार, मग मी काय करायचं? पण तेवढ्यासाठीच उपटली असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून स्पष्टच लिहिते. ती रुई उपटताना मला बरं वाटलं. घाम निथळत होता, हात सोलले, तरी बरं वाटलं.

ती कुणी लावली ते मला सांगू नका. आईनं लावली तेव्हा मी तिथं होते, तुम्ही नव्हता. तुमची पलटण वर काश्मीरला गेली होती आणि मी परकर नेसत होते. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, मग माणूस सुखरूप येतो, असं आईला कुणीतरी सांगितलं. पानं आणायला ओढ्यापलीकडं जावं लागायचं, म्हणून तिनं रुईच आणून परसात लावली. लोक म्हणाले, रुई कुणी दारात लावतं का? तिनं ऐकलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती पानं तोडायची आणि मी माळ ओवायची. बोटं चिकानं काळी व्हायची, शाळेत बाई हातावर छड्या मारायच्या. किती वर्षं ओवल्या असतील त्या माळा? तुम्ही रिटायर होऊन आलात आणि वर्ष-सव्वा वर्षात ती गेली. त्या झुडपाकडं बघितलं की मला फुलपाखरू दिसत नाही, आबा. दाराकडं बघत बसलेली आई दिसते.

आणि तुम्ही? मी दिलेली वही भरून काढलीत. पिवळी कधी आली, काळी कुठं बसली, फेटेवाल्याची मादी कशी वागते! आईबद्दल त्यात एक ओळ नाही. पत्रातही नाही. माघापासून मी वाट बघतेय की आबा एकदा तरी लिहितील, तुझ्या आईची आठवण आली म्हणून. पाखराला बायको आहे हे तुम्हाला दिसतं, तुम्हाला होती हे दिसत नाही!

आणखी एक. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून कोण आलं? बाळासोकाका. दिवाळसणाला सुद्धा तेच. इथल्या बायकांना वाटतं माझे वडील तेच आहेत. तुम्ही फौजेत होता तोवर मी काही बोलले नाही. पण गेल्या दिवाळीला तुम्ही घरी बसून होता, तरी चुलतभावालाच एसटीत बसवून दिलंत. मी पिशवी भरून उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं होतं, ह्या वेळी तुम्ही याल.

पाखरं जळाली म्हणून तुम्ही चिडलात. चिडा. मीही चिडलेली आहे आणि माझा राग तुमच्यापेक्षा जुना आहे.

लोभ असला तर असावा.

विजयमाला

*

(कार्ड)

कडेगाव, ३ ऑक्टोबर

विजयमाला हीस. पत्र पोचलं. पाखरांचा रिपोर्ट बंद केला हाय. वही तुझी तुला टपालानं धाडीन. दिवाळीला मुराळी येणार न्हाई, बाळासोला तसं सांगितलंय. तू तुझ्या घरी सुखी ऱ्हा, म्या माझ्या घरी हाय.

ना. मोहिते

*

॥ श्री ॥

सांगली,
दि. ७ ऑक्टोबर १९७३

ती. आबांस दसऱ्याचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळींत मुलीला तोडायचं तुम्हाला जमलं. आईचा स्वभाव असता तर मी गप्प बसले असते, पण स्वभाव तुमचा घेतलाय. तेव्हा पत्र फाडू नका, पुरतं वाचा. माझा राग गेलेला नाही. हा रिपोर्ट आहे.

कडेगावहून येताना मी आईची एक वाकळ आणि दुरडीभर कडीपत्ता आणला होता. परस साफ करत होते तेव्हा ती दुरडी रुईजवळच ठेवलेली होती. इथं आल्यावर कडीपत्ता काढून घेतला आणि दुरडी पडवीत खुंटीला अडकवली. परवा खंडेनवमीला झेंडू ठेवायला ती खाली काढली, तर काठाच्या आतल्या अंगाला एक मणी लटकलेला. मी झाडून टाकणार होते. खरंच टाकणार होते, हातात केरसुणी होती. मग जवळ घेऊन बघितलं. डोरल्यातल्या मण्याहून मोठा, आणि कवचातून आतला केशरी रंग दिसत होता. काळी किनारसुद्धा.

मी केरसुणी खाली ठेवली.

मग फडताळातून तुमची पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. होय, नव्हती वाचली. वरच्या दोन ओळी बघायच्या, आबा बरे आहेत म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. मुलींना मी माझ्या मनानं काहीतरी सांगत होते. आता वाचली. २ सप्टेंबरच्या पत्रात रुईचं आहे, ताकीदही आहे.

काल दसऱ्याला संध्याकाळी सगळा गावभाग सोनं लुटायला बाहेर पडला. हे जरीची टोपी घालून दारात उभे, आणि मी पडवीत दुरडीसमोर. ह्यांनी दोनदा बोलावलं, मग म्हणाले की सासऱ्यांचं येड लेकीत उतरलंय, आणि एकटेच गेले. पण ज्यासाठी आदल्या दिवशीपासून मी बसले होते, ते कोष फुटणं माझ्या नजरेतून सुटलं. काल सकाळी मी चूल पेटवायला उठले तेवढ्यात कोष फुटलेला! पाखरू बाहेर येऊन रिकाम्या टरफलाला धरून लोंबकळत होतं. पंख चुरगळलेल्या ओल्या रुमालासारखे. मला वाटलं मेलं. हात लावायचा मोह झाला, पण लावला नाही. तुम्ही कुठल्याशा पत्रात लिहिलंय की ओल्या पंखाला बोट लावू नये.

दोरीवर आईची वाकळ वाळत घातली होती. ते हळूहळू दुरडीवरून वाकळेवर चढलं आणि आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा जिथं लावलाय, बरोबर तिथं जाऊन बसलं. दुपारपर्यंत तिथंच. मग पंख दोन-चार वेळा उघडले-मिटले आणि गेलं. पण लगेच परत आलं, पुन्हा त्याच तुकड्यावर. म्हणून मी संध्याकाळी सोनं घ्यायला न जाता बसून राहिले. अंधारायच्या आधी ते कौलावरून नदीकडं गेलं. मग मी रडले. रागानंच रडले, वेगळं काही समजू नका.

नर होता की मादी, ते मला कळलं नाही. तुम्हीच सांगा.

एवढाच रिपोर्ट. आता एक विचारते आणि त्याचं उत्तर कार्डावर देऊ नका. मला माहेर आहे की आईबरोबर तेही गेलं? मुराळ्याशिवाय माहेरी जायची आपल्यात रीत नाही, त्यामुळे बोलावल्याशिवाय मी येणार नाही. आणि बाळासोकाका आले तरी येणार नाही. त्यांचा काही दोष नाही, पण आता पुरे झालं.

वही पाठवू नका. ती तुमच्याकडंच राहू दे.

तुमची,
विजयमाला

*

॥ श्री ॥

कडेगाव,
दि. १६ ऑक्टोबर १९७३

चि. सौ. विजयमाला हीस आबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा रिपोर्ट वाचला. तीनदा वाचला. असल्या रिपोर्टाबद्दल माझ्या हवालदारानं मला उभं सोलून काढलं असतं! कोष फुटायची वेळ लिवायची तर म्हणतीस चूल पेटवायला उठले तेवढ्यात. ती काय वेळ झाली? नदीकडं गेलं म्हणतीस, पर कुठल्या अंगाच्या नदीकडं, नदी तर गावाला येढा घालून जाती. आन् नर-मादी मला इचारतीस. मागल्या पंखावर काळा जादा ठिपका असला तर नर. हे म्या श्रावणात लिवलं हुतं. ते पत्र आता तरी वाच.

हात लावला न्हाईस ते मातर बरं केलंस.

आता माझा रिपोर्ट. बंद केला हुता, तो चालू केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी अंबूबाईचं शेरडू परसात शिरलं. हाकलायला गेलो तर रुईच्या जागी तोंड घालून काय तरी खात हुतं. बघितलं तर बुडातनं फुटवं! दोन-चार न्हाईत, चांगला घोस. तुला नीट उपटता बी आलं न्हाई. मूळ खाली हातभर जातं, ते तसंच ऱ्हायलं. एवढी इरेला पेटून कुदळ घातलीस आन् अर्धं काम करून गेलीस. ह्यात बापावर न्हाई गेलीस. म्या आता भवतीनं काट्या लावल्यात. फुटव्यावर काल सकाळी मादी येऊन घिरट्या घालून गेली. अंडं घातलं का न्हाई ते मला दिसलं न्हाई. एका डोळ्याचं काम न्हाई ते. ते बघायला तुझे दोन लागत्याल.

तुझ्या आईबद्दल एक ओळ न्हाई म्हणालीस. म्या काय लिवणार? पाखरू समोर असतंय, बघून लिवता येतं. ती जवा समोर हुती तवा म्या न्हवतो. लिवाय बसलो की वही कोरीच ऱ्हाती. खोटं लिवायची मला सवय न्हाई. तवा ते तू लिव. माळा तू ओवल्यास, तुला ठावं हाय. वहीची मागली पानं म्या सोडून ठिवली हायत, पेन बी घेऊन ठिवलाय. तू लिवशील तसं वाचीन, आन् ह्या टायमाला पुरतं वाचीन.

बाळासोला निरोप दिला की तू घरी बस. त्यो तुझ्यासाठी भांडायला आला हुता, म्हणाला पोरीनं काय केलंय, म्या जातो. त्याला म्हटलं, तू लय वर्सं गेलास, आता ऱ्हाऊ दे. वसुबारसंच्या आदल्या दिशी दुपारच्या यश्टीनं म्या निघतो. विट्याला गाडी बदलावी लागती आन् तासगावला लय येळ थांबती असं त्यो म्हणाला. थांबू दे. डोळ्यावर काळा चष्मा घालतो, धुळीची काळजी करू नगंस. लालासाहेबांना सांग, पायरीवर दिवा ठेवा, मला तुमचं घर ठावं न्हाई.

ती दुरडी न झाडता-पुसता घेऊन ये. वाकळ बी आण.

आन् पिशवी भरून उंबऱ्यात तयार ऱ्हा. मला ताटकळत बसायची सवय न्हाई. ती तुझ्या आईला हुती.

माया हाय, ती हायच.

तुझा बाप आन् औंदाचा मुराळी,
नाथाजी